पिठावरचा पोपटी

“ह्यो न्हवं,” इंदूकाकी म्हणाल्या.

ही तिसरी बादली. सकाळपासून काठीनं ढवळून ढवळून माझे खांदे भरून आले होते आणि काकी कमरेवर हात ठेवून बादलीत डोकावत होत्या, भाजीवालीच्या पाटीत डोकावावं तशा.

“काकी, पहिल्यात काय वाईट होतं?”

“त्यो पालक होता.”

“आणि दुसरा?”

“त्यो सरकारी दवाखाना. भिंतीकडं बघितलं की इंजेक्शन आठवतंय.”

“मग ह्याला काय झालं?”

काकी खाली वाकल्या, नीट बघितलं आणि म्हणाल्या, “हे शेवाळ हाय, विलास. विहिरीच्या पायरीवरचं. माझ्या घरात आलेला माणूस घसरून पडंल की रं.”

दारात दळणाचे डबे घेऊन चार-पाच बायका उभ्या होत्या. त्या खदाखदा हसल्या. मीही हसलो, पण माझं मन हसत नव्हतं. त्याला कारण होतं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. आठ वर्षं कासमभाई पेंटरांच्या हाताखाली काढली होती आणि महिन्याभरापूर्वी त्यांच्याशी भांडून बाहेर पडलो होतो. भांडण कशावरून, तर गिऱ्हाइकासमोर मी त्यांना म्हणालो, “उस्ताद, ह्यात निळा जास्त पडलाय.” निळा खरंच जास्त पडला होता. पण म्हणून ते गिऱ्हाइकासमोर म्हणायचं नसतं, हे मला घरी येईपर्यंत कळलं नाही. कासमभाई शांतपणे म्हणाले होते, “इतकी नजर असेल तर स्वतःचं काम घे. जमलं नाही तर ये परत, शिडी धरायला.”

आणि आष्ट्यात मला मिळालेलं पहिलं स्वतःचं काम म्हणजे इंदुमती चौगुल्यांच्या घराचं. ते फसलं असतं तर शिडी माझी वाटच बघत होती.

इंदूकाकींची पिठाची गिरणी होती. पुढं गिरणी, मागं घर, मध्ये एक दार. काका जाऊन पाच वर्षं झाली होती, तेव्हापासून गिरणी त्या एकट्या चालवत. पट्टा चढवायच्या त्याच, जात्याला टाकी लावायच्या त्याच, आणि ज्वारीत खडे निघाले तर डबा परत पाठवायच्या त्याही त्याच. सकाळी गिरणीत शिरताना त्या सावळ्या असत आणि दुपारी बाहेर येताना केसांपासून पायाच्या नखांपर्यंत पांढऱ्या. घरही तसंच. भिंतींना चुना, जमिनीवर पीठ, फळीवरच्या भांड्यांवर पीठ. मांजरसुद्धा पांढरं होतं. ते मुळात काळं होतं, असं गल्लीतले लोक सांगत.

अशा घराला काकींना आतून ऑइलपेंट पाहिजे होता, पोपटी रंगाचा. कुठलाही पोपटी चालणार नव्हता. एकच एक पोपटी होता, तो काकींच्या डोळ्यांपुढं होता आणि माझ्या बादलीत काही केल्या उतरत नव्हता.

आजकाल मी सांगलीत बंगल्यांची कामं घेतो. कोवळी पोरं-पोरी कॅटलॉग उघडून नंबर सांगतात, दुकानातलं मशीन पाच मिनिटांत डबा हलवून देतं, आणि हाच भडक पोपटी दिवाणखान्याच्या एका भिंतीला लावून लोक फोटो काढतात. त्या वेळी असलं काही नव्हतं. पांढरा, पिवळा आणि हिरवा असे तीन डबे आणायचे आणि डोळ्यांच्या अंदाजानं बादलीत मिळवायचे. घराच्या आत भिंतीला लोक क्रीम लावत, फार तर आकाशी. पोपटी रंग ट्रकच्या फळीला असायचा.

“काकी,” मी शेवटी हात जोडले, “मला नमुना दाखवा. पान, फडकं, काहीही. तोंडी सांगून रंग येत नाही.”

काकींनी कमरेवरचे हात काढले. मग हात धुऊन आत गेल्या आणि एक लहानशी लाकडी डबी घेऊन आल्या. कुंकवाची डबी होती. तिच्यात कुंकू नव्हतं, कापूस होता, आणि कापसात काचेच्या बांगडीचा बोटभर तुकडा.

“ह्यो,” त्या म्हणाल्या. “आणि सांडू नकोस.”

मी तुकडा तळहातावर घेतला. गडद हिरवा दिसला. मनात म्हटलं, बघा, हा तर आपला पहिलाच पालक. “काकी, हा तर तुम्ही सकाळीच नापास केला.”

“हातावर बघतोयस व्हय? गाढवा. तुझा हात केवढा काळा!”

तुकडा माझ्याकडून घेऊन त्या गिरणीत गेल्या. दळून ठेवलेल्या तांदळाच्या पिठाची परात दाराजवळ होती. वरच्या पत्र्याला एक काच बसवलेली होती, तिच्यातून उन्हाची तिरीप नेमकी परातीत पडत होती. काकींनी तुकडा अलगद पिठावर ठेवला.

रंगाच्या धंद्यात मला आता पस्तीस वर्षं होतील, पण तसा रंग मी पुन्हा पाहिला नाही. तुकड्याच्या कडेनं पिठावर एक रेघ उमटली होती, पिवळी आणि हिरवी एकदमच. हिरवी म्हणावी तर ऊन आठवावं, पिवळी म्हणावी तर कोवळी पालवी. दळणाच्या बायकासुद्धा “अगं बया!” म्हणून पुढं सरकल्या.

“कळलं?” काकींनी विचारलं.

“कळलं.”

मला कळलं होतं ते एवढंच की हिरवा फार कमी घालायचा आणि पिवळ्याला घाबरायचं नाही. बायका बांगडीचे तुकडे नमुन्याला ठेवतात, कासाराकडं जोड मिळवायला, तसाच हा असेल, असं मी धरून चाललो. दुसरं काही डोक्यात आलंच नाही.

चौथी बादली परातीशेजारी बसून मिळवली. पांढऱ्यात पिवळा, पिवळ्यात थेंब थेंब हिरवा. काठीचं टोक पिठाशेजारी धरायचं, बघायचं, पुन्हा ढवळायचं. दुपार होता होता काकी मागून म्हणाल्या, “थांब. आता हात लावू नकोस.”

मी मान वळवली. त्या नुसत्या बघत उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरच्या पिठात दोन्ही गालांवर हसण्याच्या रेघा पडल्या होत्या.

पालक वाया गेला नाही, तो गिरणीच्या दाराला लागला. दवाखाना मागच्या पत्र्याच्या फाटकाला. शेवाळाचं काय केलं ते मी सांगणार नाही, पण संडासाचं दार त्यानंतर बरीच वर्षं टिकलं.

दुसऱ्या दिवशी मी भल्या सकाळी कामाला लागलो. माजघराच्या चारी भिंतींना पहिला हात मारला आणि जेवायला घरी गेलो. चालताना शीळ वाजवत होतो. तासाभरानं परत येऊन बघतो तर तोंडचं पाणीच पळालं. मारून गेलो होतो पोपटी आणि भिंत झाली होती क्रीम. जवळ जाऊन बोट लावलं, तर बोटाला लव लागली. चारी भिंतींना मिसरूड फुटलं होतं.

पलीकडं गिरणी धडधडत होती आणि मधल्या दारातून पिठाचा धुरळा संथपणे आत येत होता.

ऑइलपेंट वाळायला दिवस लागतो, हे कुठल्याही रंगाऱ्याला माहीत असतं. गिरणीत पीठ उडतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण ह्या दोन गोष्टी एकत्र करून बघायची अक्कल आठ वर्षांत मला कासमभाईंनी शिकवली नव्हती आणि माझी मला सुचली नव्हती.

मी काकींना हाक मारली. त्या आल्या, भिंती बघितल्या. मला वाटलं, आता आपल्याला शिडीसकट बाहेर काढतात. त्या पदर तोंडाला लावून खाली बसल्या आणि खांदे हलवत हसायला लागल्या. हसू आवरेना.

“अरं, भाकरी लावलीस की भिंतीला!”

“काकी, घासून काढतो सगळं. पण गिरणी चालू असेल तर उपयोग नाही.”

त्यांचं हसणं थांबलं. गिरणी म्हणजे त्यांचं पोट होतं आणि गल्लीचंही. जवळपास दुसरी नव्हती.

“किती दिवस?”

“घासायचा एक, मग दोन हात. तीन-चार दिवस तरी.”

त्या उठल्या, गिरणीत गेल्या आणि खटका खाली ओढला. पट्टा फडफडत थांबला. एवढी शांतता त्या गल्लीनं काका गेले त्या दिवसानंतर ऐकली नसेल.

मग जी तऱ्हा झाली ती विचारू नका. सकाळ-संध्याकाळ दारात डब्यांची रांग. “पट्टा तुटला काय?” “मोटर जळाली काय?” काकी गिरणीच्या पायरीवर बसून प्रत्येकीला एकच उत्तर देत, “घर वाळतंय. वाळलं की दळते.”

“घर वाळतंय म्हंजे?”

“जा, आत जाऊन बघ. हात लावू नकोस.”

बायका आत येत, डोळे मोठे करत आणि गप होत. मी शिडीवरून बघत असे. एखादी हसेल, नाक मुरडेल असं मला वाटायचं. एकही हसली नाही. हसायचे ते पुरुष, तेही बाहेरून. “विलास, पोपट बसवायचा का आत?” असं ओरडून पुढं जात.

पहिला हात नव्यानं लागून वाळला, त्या दिवशी दुपारी दादासाहेब आले. दादासाहेब म्हणजे काकींचे थोरले दीर, सोसायटीचे चेअरमन. टोपी कडक, मिशी त्याहून कडक. काकी बाजारात गेल्या होत्या. मी मागच्या नळावर ब्रश धूत होतो.

“तू नवा पेंटर काय?” त्यांनी विचारलं.

“हो, दादासाहेब.”

ते आत जाऊन आले. परत आले तेव्हा मिशी थरथरत होती. “हे कुणाच्या डोक्यातनं आलं?”

“काकींच्या.”

“तिला काय कळतंय! असल्या घरात असला रंग बरा दिसत न्हाई. लोक तोंडात शेण घालतील आमच्या.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “माझ्या नव्या बंगल्याचं लाकूडकाम संपत आलंय. आतनं-बाहेरनं सगळं रंगकाम करायचं हाय. तुला जमंल?”

चौगुल्यांचा बंगला म्हणजे अख्ख्या गावानं बघितलेलं काम. त्यानंतर कासमभाईंची शिडी उभ्या जन्मात धरायला लागली नसती.

“जमेल की!”

“मग उद्या इथं क्रीम मार. तिला सांग, पोपटी संपला. सांगलीतबी मिळंना. आणि परवा बंगल्यावर ये.”

“पण काकी...”

“तिचं मी बघतो,” ते म्हणाले आणि निघाले. जाता जाता गिरणीच्या बंद पट्ट्याकडं बघून पुटपुटले, “घरात पीठ न्हाई चार दिवस. रोज भात खातोय.”

मी खरं सांगतो, त्या संध्याकाळी मी आनंदात घरी गेलो. काकींना वाईट वाटेल, हे कळत होतं. पण क्रीमसुद्धा चांगलाच रंग, चार दिवसांत सवय होते, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला फार पटकन पटवतो.

आई चुलीपुढं भाकरी थापत होती. वडील गेल्यापासून आम्ही दोघंच. दिवे लागायच्या वेळी ती भाकरी थापायची, मी भिंतीला टेकून बसायचो आणि दिवसभराचं सांगायचो. काकींच्या पालकापासून मिसरुडापर्यंत सगळं तिला सांगून झालं होतं आणि ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. त्या दिवशी मी बंगल्याचं सांगितलं.

“चांगलं झालं की,” आई म्हणाली. “मग इंदूबाईंच्या घराला काय लावणार?”

“क्रीम.”

“त्यांना चालतंय?”

“दादासाहेब बघतील.”

आईनं पिठाचा पुढचा गोळा घेतला. परातीत थाप पडत होती. “कसला म्हणालास त्यो रंग?”

“पोपटी. डोळे मिटले तरी दिसेल असा.”

“एवढं तीन बादल्या करून जमंना, मग चौथ्याला कसं जमलं?”

“काकींनी नमुना दिला. बांगडीचा तुकडा.”

थाप थांबली.

“कसल्या बांगडीचा?”

“काचेच्या. हिरव्या. डबीत कापसात गुंडाळून ठेवलेला.”

“कुठल्या डबीत?”

“कुंकवाच्या. रिकामीच होती.”

हे मी बोललो आणि बोलून झाल्यावरही मला काही समजलं नाही. आई तव्याकडं बघत होती. तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपत होती आणि ती उलटत नव्हती. आईनं भाकरी करपवलेली मी त्याआधी कधी बघितली नव्हती.

“विलास,” ती म्हणाली, “त्यातला थोडा उरंल का रं?”

“कशातला?”

“त्या रंगातला.”

“तुला कशाला? बंगल्याचं काम लागू दे, तुला पाहिजे तो रंग आणतो.”

“मला त्योच पाहिजे.”

आईनं आजवर माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मी तिच्याकडं बघितलं, मग तिच्या हातांकडं. पीठ लागलेले, कोपरापर्यंत मोकळे हात. शेजारच्या घरातही कुणी भाकऱ्या थापत होतं, तिथून थापेबरोबर किणकिण ऐकू येत होती. आमच्या घरात गेली अकरा वर्षं नुसती थाप होती. निळा जास्त पडला हे मला उस्तादाच्या बादलीत दिसलं होतं, आणि रोज संध्याकाळी समोर बसून हे दिसलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

“माझ्याबी हिरव्याच होत्या,” आई भाकरी उलटत म्हणाली. “त्या दिवशी फोडल्या. एखादा तुकडा ठेवून घ्यावा, एवढं सुचलं न्हाई बघ मला.”

ती रडली नाही. करपलेली भाकरी तिनं स्वतःच्या ताटात घेतली आणि चांगली मला वाढली.

सकाळी मी उजाडताच काकींच्या दारात हजर झालो. क्रीमचा डबा आणला नाही. चौथी बादली ढवळली, फडक्यातून गाळली आणि दुसरा हात मारायला घेतला. एक भिंत झाली, दुसरी झाली. तिसऱ्या भिंतीला दादासाहेब आले.

आज ते एकटे नव्हते. म्हणजे, आले एकटेच होते, पण पायरीवर डबेवाल्या बायकांची रांग होती आणि त्यांना बघून ती सगळी रांग दाराशी आली.

“पेंटर, खाली उतर,” दादासाहेब म्हणाले. “तुला काय सांगितलं होतं?”

मी शिडीवरच राहिलो. “दादासाहेब, पोपटी संपला नाही,” मी म्हणालो. “खोटं कसं सांगू?”

काकी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. थोरले दीर समोर म्हणून त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. “काय झालं, भाऊजी?”

“काय झालं विचारतेस? इंदू, तुला रीत माहीत न्हाई काय? नवरा गेल्यावर बाईमाणसानं हिरवं अंगाला लावायचं नसतं.”

एकही डबा वाजला नाही. सगळ्या बायका काकींकडं बघत होत्या.

“अंगाला कुठं लावलंय, भाऊजी?” काकी अगदी आदरानं म्हणाल्या. “भिंतीला लावलंय. भिंतीचा नवरा कुठं मेलाय?”

रांगेत कुणाला तरी फिस्सकन हसू फुटलं, आणि एकीला फुटलं म्हटल्यावर बाकीच्या कसल्या थांबतात! दादासाहेबांचे कान लाल झाले.

“चेष्टा करतेस? घराण्याचं नाव...”

काकींनी कनवटीची डबी काढली, उघडली आणि त्यांच्यापुढं धरली.

“खरसुंडीच्या जत्रंत भरल्या होत्या, लग्नाच्या पहिल्या वर्षी. मी लाल मागत होते. ‘हाच रंग तुला खुलतोय’ म्हणून त्यांनीच कासाराला सांगितलं. हा रंग मी न्हाई पसंत केलेला, भाऊजी. तुमच्या भावानं केलाय. तुम्हाला पुसायचा असंल तर पुसा. भिंत अजून ओली हाय.”

दादासाहेब डबीकडं बघत राहिले. मग भिंतीकडं. धाकट्या भावाच्या नावानं त्यांच्या मिशीचा कडकपणा जरा उतरला, एवढं मी शिडीवरून पाहिलं. त्यांनी घसा खाकरला, टोपी काढली, परत घातली.

“गिरणी कधी चालू करतीस?” त्यांनी विचारलं.

“परवा सकाळी. दळण लावून द्या. तुमचं पहिलं काढते.”

ते गेले. मला बंगल्यावर कुणी पुन्हा बोलावलं नाही. तो कासमभाईंनी केला, क्रीम रंगात, आणि खरं सांगायचं तर निळा जास्त पडलाच होता. पण शिडी धरायला मला जावं लागलं नाही. त्याच रांगेतल्या तीन बायकांनी गिरणी सुरू व्हायच्या आत मला घरी बोलावलं. एकीला देवघराला पाहिजे होता, एकीला खिडकीच्या चौकटीला. तिसरी, म्हातारी होती, ती म्हणाली, “मला नुसता कोनाडा रंगवून दे. पण ह्याच बादलीतला.”

“काकी,” काम संपल्यावर मी विचारलं, “थोडा उरलाय. मी घेऊन जाऊ?”

“कुणाला?”

“आईला.”

काकींनी माझ्याकडं बघितलं. माझी आई त्यांच्याच गिरणीत दळण आणायची. “डबाभर ने,” त्या म्हणाल्या. “आणि तिला म्हणावं, पातळ करू नकोस.”

घरी येऊन मी विचारलं, “कुठली भिंत?”

आईनं ते आधीच ठरवून ठेवलं होतं. “चुलीपुढची. थापताना समोर दिसंल.”

धुरानं काळी झालेली भिंत मी दिवसभर घासली, लांबी लावून भेगा बुजवल्या, दोन दिवसांनी पहिला हात मारला. आई मागं उभी राहून सांगत होती, “तिथं पांढरं राहिलंय. वर. अजून वर. डोळे हायत का न्हाईत तुला?” इंदूकाकी परवडल्या, असं मला वाटायला लागलं.

“आता रात्रभर हात लावायचा नाही,” मी बजावलं.

“मला कळतंय,” ती म्हणाली आणि सवयीनं फळीवरचा मिठाचा डबा काढायला गेली.

मनगट भिंतीला घासलं. तिनं हात मागं घेतला तेव्हा उजव्या मनगटावर, अर्ध्या गोलात, ओल्या पोपटी रंगाची रेघ उठली होती.

मी रॉकेलचा बोळा घेऊन पुढं झालो. “दे इकडं, पुसतो.”

आईनं हात उजेडात धरला. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

“असू दे,” ती म्हणाली. “भाकऱ्या थापता थापता जाईल आपोआप.”

मग तिनं मीठ घेतलं आणि परात पुढं ओढली. रंग जायला आठ दिवस लागले. ते आठही दिवस आई भाकऱ्या डाव्या हातानं थापायचा प्रयत्न करत होती.